वाळवी नव्हती

आठ वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन आठवडा झाला असेल, शिरड शहापूरच्या आमच्या घराचं माळवद काढून मी पत्रे टाकले. एवढं गावाला माहीत आहे. पुढचं आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

त्या घरात माझी विधवा आत्या एकटी राहायची. मी हिंगोलीत, एका वर्तमानपत्राचा बातमीदार. माळवद म्हणजे सागवानी तुळया, त्यांवर फळ्या, वर हातभर पांढरी माती. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. दर वर्षी मृगाआधी आत्या स्वतः टोपल्यानं माती वर न्यायची, तुडवून बसवायची.

त्या पावसाळ्यात एका कोपऱ्यात गळलं. माती टाकून भागलं असतं. मी म्हणालो, माळवद धोक्याचं झालंय, थंडीच्या आत पत्रे टाकू.

"थंडीच्या आत?" आत्या म्हणाली. "लेकरा, पत्रा थंडीत बरफ व्हतोय. काढायचंच तर शिमग्यानंतर काढ. इतकी घाई काहून करून राहिलास?"

काहून? सांगायलाच बसलोय, तर सांगतो. हिंगोलीत माझं घर बांधून होत आलं होतं. पुढच्या दाराचं काम तेवढं राहिलं होतं, आणि मनासारखं जुनं सागवान कुठे मिळत नव्हतं. ते आत्याच्या डोक्यावर होतं.

ती ऐकेना. मग मी काय केलं? मागच्या पडक्या गोठ्यातला वाळवीनं पोखरलेला वासा मोडला. त्याचा तुकडा मुठीत लपवून शिडीवर चढलो, तुळईशी थोडी खुडबुड केली, खाली आलो आणि तो तिच्या तळहातावर ठेवला. "हे तुझ्या तुळईतून निघालं, आत्या." तिनं बोटानं दाबलं. भुगा झाला. — पुराव्याशिवाय ओळ न लिहिणारा माणूस मी! माळवद कोसळल्याच्या माझ्या बातम्या ती शेजारच्या पोरींकडून वाचून घ्यायची. म्हणून तर तिनं मानलं.

शेजारचे गणपतकाका ओट्यावरून म्हणाले, "पेपरवाला म्हणतो म्हंजी पडणार बरं का. न्हाई पडलं तर तोच पाडंल." सगळे हसले. आत्याही. मीही हसलो — ते हसू आठवलं की आजही तोंड कडू होतं.

माती उतरवली. मिस्त्रीनं वाकसानं तुळई तासून पाहिली. आत लाकूड लालसर, टणक. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "वाळवी कुठंय, साहेब?" आत्या तेव्हा आत चहा टाकत होती. मी म्हणालो, "गप टेम्पोत भरा."

दार झालं. पाहुणे त्यावर हात फिरवतात, कुठून आणलं विचारतात. मी म्हणतो, गावाकडचं आहे. माझी मलाच किळस येते, आणि मी पुन्हा तेच म्हणतो.

आत्यानं कधी दोष दिला नाही. उलट सांगते, "भाच्यानं टायमावर वाचवलं, न्हाईतर गाडली गेली असते." माझ्यासमोर सांगते. खोडायला एक वाक्य पुरेसं होतं — ते मी कधी बोललो का? नाही.

पहिल्याच पौषात पत्र्याखाली तिला रात्र काढवेना. पहाटे पत्र्याला आतून दव धरायचं, गोधडीवर ठिबकायचं. गणपतकाकांचं माळवद अजून शाबूत आहे. थंडी पडली की आत्या अंथरूण घेऊन त्यांच्याकडे झोपायला जाते. यंदाही गेली.