लष्कर मोहल्ल्यातला तिसरा मजला

स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा ओलीचा डाग वनजाबाईंनी स्वतः रंगवला. वय सदुसष्ट, डावा गुडघा पार गेलेला, तरी स्टुलावर चढल्या. दुसऱ्या दिवशी बँकेकडून फ्लॅटची किंमत ठरवायला माणूस येणार होता. किंमत मनासारखी आली की नवऱ्याला खाली नेता येणार होतं, कायमचं.

गुंडुराव दोन वर्षांपूर्वी अर्धांगानं आडवे झाले. त्याआधी पस्तीस वर्षं ते पिरियापट्टणला तंबाखूच्या लिलावात वजनकाट्यावर होते. म्हैसूरहून पहाटेची बस धरायची, अंधार पडल्यावर परतायचं. घरात बसणं या माणसाला ठाऊकच नव्हतं. निवृत्त झाल्यावरही सकाळ-संध्याकाळ कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानापाशी उभे असत. आता ते तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, खिडकीजवळच्या पलंगावर पडून होते. खालपर्यंत चोपन्न पायऱ्या. दोन वर्षांत ते तीनदा उतरले, तिन्ही वेळा इस्पितळात जायला. तळमजल्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानातला रहमत आणि त्याचे कामगार त्यांना खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून नेत.

अग्रहारात चिदंबर नावाच्या निवृत्त मास्तरांच्या घरी तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होत्या. भोग्याला द्यायच्या होत्या, म्हणजे एकरकमी पैसे ठेवायचे, भाडं द्यायचं नाही, घर सोडताना पैसे परत. रस्त्याला लागून बसायला दगडी कट्टा होता. वनजाबाईंनी तो कट्टा पाहिला आणि त्यावर गुंडुरावांना बसलेलंही पाहिलं. मास्तर म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत थांबतो."

फ्लॅटला गिऱ्हाईकही मिळालं होतं. सुधींद्र आणि सहाना हे नवीन लग्न झालेलं जोडपं. दोघांना नोकरी, दोघांनाही ही जागा पसंत. फक्त सगळी मदार बँकेच्या कर्जावर.

किंमत ठरवायला आली ती एक मुलगीच. देवश्री नाव, मूळची साताऱ्याची, नवऱ्याच्या नोकरीमुळं वर्षापूर्वी म्हैसूरला आलेली. तिचं मराठी ऐकून वनजाबाई हरखल्याच; त्यांच्या घरातही मराठीच, फक्त कन्नड मिसळलेलं.

"अय्यो, तू आपल्यातली! बस गं, कॉफी करते."

"नको काकू, अजून दोन घरं बघायचीत," असं म्हणत देवश्रीनं फीत काढली. खोल्या मोजल्या, न्हाणीघराचा नळ सोडून पाहिला, नव्या रंगावरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. वनजाबाईंना उगाच चोरी पकडल्यासारखं झालं.

"आजूबाजूला काय काय आहे?"

"सगळं आहे. दवाखाना दोन मिनिट. मार्केटला नडकोंड जाता येतं, आटो नको. दूधवाला वर येऊन देतो. खाली रहमत आहे, हाक मारली की चार माणसं येतात. मत्ते काय पाहिजे?"

देवश्रीला त्यातलं अर्धंमुर्धं कळलं. ती फोनवर टिपत होती आणि टिपताना तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती: रस्ता बारा फूट, पार्किंग नाही, खाली वेल्डिंगचं दुकान, आगीचा बंब आत येणार नाही. वनजाबाई शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या. सत्तावीस वर्षं त्या या गल्लीत राहिल्या. आगीच्या बंबाचा विचार त्यांच्या मनात एकदाही आला नव्हता.

"मंजूर नकाशा आहे का, काकू?"

"आहे की!" ट्रंकेतून त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतला निळा कागद काढला. सोबत कराच्या पावत्या, वर्षावार दोऱ्यानं बांधलेल्या. वनजाबाईंचं माहेर कापड रंगवणाऱ्यांचं. त्यांच्या काळापर्यंत तो धंदा बुडालेला होता. त्यांनी तीस वर्षं एका दुकानासाठी साड्यांना फॉल लावले. त्या कमाईतून आणि अंगावरच्या चार बांगड्या मोडून हे घर झालं होतं. कागद त्यांनी देवातल्या पोथीसारखे जपले होते.

देवश्रीनं नकाशा पलंगाच्या पायथ्याशी पसरला. बोट ठेवून मजले मोजले. पुन्हा मोजले.

"काकू, यात तळमजला आणि वर दोन मजले आहेत. तिसरा मजला नाहीये."

"नाहीये म्हणजे? आपण कुठं उभ्या आहोत?"

"बिल्डरनं परवानगीशिवाय चढवलाय. बँक याच्यावर कर्ज देणार नाही."

"मी कर भरलाय गं! दर वर्षी!"

"कर घेतात, काकू. कर घेतला म्हणजे परवानगी दिली, असं होत नाही."

वनजाबाईंनी तिचा हात धरला. "तू लिही ना काहीतरी. म्हातारा माणूस आहे, बघतेस ना? सुम्मने, असाच आपला, एक मजला जास्त लिही."

देवश्रीनं हात सोडवून घेतला नाही. नकाशाकडे बघतच ती म्हणाली, "माझ्यावर साहेब आहेत. ते नकाशा लावूनच सही करतात." जाताना तिनं आपणहून मघाची कॉफी मागितली आणि उभ्यानं, घाईघाईनं पिऊन टाकली.

चार दिवसांनी सुधींद्रचा फोन आला. फार नम्रपणे बोलला. शेवटी म्हणाला, "सॉरी, आंटी."

वनजाबाई अग्रहारात चालत गेल्या. चिदंबर मास्तरांना म्हणाल्या, "निम्मे आत्ता घ्या, निम्मे नंतर." मास्तरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मुलीचं लग्न ठरलं होतं, त्यांनाही रक्कम एकदमच हवी होती. पुढच्या आठवड्यात त्या खोल्यांत दुसरं बिऱ्हाड आलं.

मास्तरांकडून परतल्या त्याच संध्याकाळी पलंगाशी बसून त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं होतं. आजारानंतर गुंडुरावांच्या जिभेवर मोजकेच शब्द उरले होते, तेही बहुतेक कन्नड. ते ऐकत राहिले. मग चांगला हात उचलून छातीवर ठेवत म्हणाले, "गोत्तु."

ठाऊक आहे.

"काय ठाऊक आहे?"

"आग... गोत्तु."

कन्नडमधलं 'आग', म्हणजे तेव्हा. घर घेतलं तेव्हाच ठाऊक होतं. वनजाबाईंनी एकेक प्रश्न विचारला आणि ते मानेनं हो किंवा नाही म्हणत गेले. बिल्डरनं सांगितलं होतं? हो. म्हणून स्वस्तात दिलं? हो. पुढं दंड भरून सक्रम, म्हणजे कायदेशीर, करून घेऊ म्हणाला? हो. मला का नाही सांगितलं? याला मानेनं उत्तर देता येत नव्हतं. त्यांच्या वाकड्या ओठातून लाळ गळाली आणि डोळ्यांतून पाणी.

वनजाबाईंना ओरडायचं होतं. बांगड्या मोडल्या तो दिवस त्यांना आठवला. सोनाराकडून परतताना हाच माणूस खुशीत होता, त्यानं मार्केटातून मोगऱ्याचा गजरा घेऊन दिला होता. ओरडणार कुणावर? त्या उठल्या, पदरानं त्यांचं तोंड पुसलं, भात सारात कालवला आणि चमच्यानं भरवला. रात्री त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या. गुंडुराव जागेच होते.

पुढं एका दलालानं रोखीचं गिऱ्हाईक आणलं. एकतृतीयांश किंमत सांगितली, आणि सहा महिन्यांनी त्याहूनही कमी. तेवढ्या पैशात तळमजल्यावरची एक खोलीही भोग्याला मिळत नव्हती. वनजाबाईंनी दोन्ही वेळा नको म्हटलं, आणि दलाल यायचा बंद झाला.

आता त्यांचा दुसरा गुडघाही धरतो. भाजीला आठवड्यातून एकदाच उतरतात. वर येताना दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसतात, पिशवी मांडीवर घेऊन, बराच वेळ.