संक्रांतीची काळी साडी

यांना कंपवात झाला त्याला आता सहा वर्षं होतील. मधे एका नव्या गोळीनं अंग मोकळं झालं आणि डोंबिवलीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरून हे पुन्हा एकटे खाली उतरू लागले. गोळी देताना नौपाड्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं: खरेदी, जुगार, खाणं, कसलाही नवा सोस दिसला तर लगेच कळवा, पेशंटला स्वतःला ते जाणवत नाही.

सोस दोन महिन्यांत दिसला. मी कळवलं नाही.

कारण तो माझ्या वाट्याला येत होता. मोहन्याच्या कारखान्यात आयुष्यभर सूत तपासलेला हा माणूस. साडीच्या दुकानात तासभर काठ उलटेपालटे करून 'बघू पुढच्या वेळी' म्हणत मला उठवायचा. तोच आता फिरून येताना हातात पिशवी घेऊन यायचा. न विचारता, घडीसुद्धा न उलगडता घेतलेली साडी. अशा पाच झाल्या. हे गोळीमुळे होतंय, मला कळत होतं. तरी दार उघडताना माझी नजर आधी पिशवीकडे जायची. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी 'छान आहेत' एवढंच म्हणाले.

संक्रांतीला काळी आणली, बारीक चांदण्यांची. पहिल्या मजल्यावरच्या बाईंकडे हळदीकुंकू होतं, मी तीच नेसून गेले. बाईंनी दार उघडलं. त्यांच्या अंगावर तीच साडी. त्याच चांदण्या, तोच काठ.

आतल्या बायकांना हसू आलं. जोडीनं गेलेलात का खरेदीला, असं कुणीतरी विचारलं. मी हो म्हणाले. बाई मात्र सरळ. वाण देता देता म्हणाल्या, "वहिनी, भाऊच ही देऊन गेले, म्हणाले दोन घेतल्यात, एक हिला, एक तुम्हाला. मला वाटलं, तुम्हीच पाठवलीत."

घरी आल्यावर यांना विचारलं. हे टीव्ही बघत होते.

"त्या म्हणाल्या, काळी साडी नाहीये. मनात आलं, घेतली."

"आणि माझी?"

"दोन्ही एकदमच घेतल्या की."

लपवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. आधीच्या पाचही साड्या त्या क्षणी मला कुणाच्याही वाटू लागल्या.

पुढच्या आठवड्यात नौपाड्याला जाऊन मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. साड्या तर सांगितल्याच, शेजारीणही सांगितली, जरा जोर देऊन. हे शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून ऐकत होते. डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी करून बंद केली. मला म्हणाले, बरं झालं सांगितलंत.

मी यांच्या भल्यासाठी सांगितलं नव्हतं. साड्या फक्त मलाच येत राहिल्या असत्या, तर आजही गप्प बसले असते.

खरेदी थांबली, तसं पाऊलही अडखळायला लागलं. उंबऱ्यापाशी हे जागीच खिळतात. कुणी भेटायला आलं की सांगतात, हिचं लक्ष होतं म्हणून वाचलो. मी चहा टाकायला आत जाते.

संध्याकाळी यांचा दंड धरून जिना उतरवते. पहिल्या मजल्यावर त्या बाई दार उघडून प्रेमानं चौकशी करतात. मी त्यांच्याशी बोलते आणि बघत असते यांच्या तोंडाकडे, हसतात का ते. आजारानं चेहरा आता ताठ झालाय, त्यावर काही उमटत नाही.

मला बरं वाटतं.