गायक गायब, फक्त कोरस

मंडळी, दुपारपासून अंगावरचा काटा जात नाहीये.

माझे वडील, तात्या, तरुणपणी भीमगीतांच्या एका रेकॉर्डवर कोरसमध्ये गायले होते. ते गेल्यावर ती कितीदा तरी लावली, पण मुख्य गायकाच्या आवाजाखाली तात्या कधी सापडलेच नाहीत.

आज पिंपळवंडीच्या घरी रेकॉर्ड प्लेअरचं सुईचं हेड बदललं. आवाज एकदम पोकळ झाला. ऐकतो तर मुख्य गायकच नाही! नुसता कोरस, आणि कडेला कोणीतरी प्रत्येक ओळीआधी जोरात दम घेतंय.

आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. "आरं, हे तर तुझे तात्या! झोपेत बी असाच दम घ्यायचे."

आळेफाट्याला अँप्लिफायर दुरुस्त करणाऱ्या मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "हेडच्या एका बाजूच्या दोन वायरी उलट्या बसल्यात राव, अन् अँप मोनोवर हाय, म्हंजे दोन्ही बाजू एकत्र. मग मधला, म्हंजे मुख्य गायकाचा आवाज मरतो, कडंचा कोरस उरतो. सरळ कर, गाणं येईल."

चिमटा घेऊन प्लेअरकडे गेलो. आईनं हात धरला. "थांब. गाऊ दे त्यांना."

रेकॉर्ड केव्हाच संपली होती. स्पीकरमधून नुसती खरखर येत होती, तरी आई कान लावून होती.

वायरी अजून उलट्याच आहेत. तुम्ही सरळ केल्या असत्या?