तीन सेकंदांचं कापड

माझ्या आत्याचं एक ठाम मत आहे. जगातली कुठलीही वस्तू कुठल्याही खोक्यात बसते, बसवणारा हवा. एकतीस वर्षं पोस्टात पार्सलच्या खिडकीमागे काढल्यावर माणसाचं असं होतं. छत्र्या, व्हायोलिन, एकदा तर सायकलचं आख्खं चाक तिने सुतळीत आवळून रवाना केलंय.

पोस्टाबाहेर तिला एकच नाद, पोहण्याचा. सकाळी सहाला ती तलावात असते. मग थंडी पडो नाहीतर आतोबांना ताप येवो. आणि दरवर्षी प्रौढांच्या स्पर्धेत शंभर मीटर फ्रीस्टाइलला ती दुसरी येते. सलग अकरा वर्षं दुसरी. पहिल्या येतात त्या दातांच्या डॉक्टरबाई.

दोघी एकाच वर्षी जन्मल्या, इथेच सगळा घोळ झाला. या स्पर्धेत दर पाच वर्षांनी वयोगट बदलतो. इतर बायकांना त्यामुळे निदान आशा तरी असते, की पुढची कटकट एक दिवस वरच्या गटात जाईल. इथे दोघी हातात हात घालून वर सरकतात. "मी नव्वदीला पोचले तरी ही माझ्या नाकासमोर पाय झाडत असणार," आत्या म्हणायची.

त्यात डॉक्टरबाई स्वभावाने गोड. शर्यत संपली की चष्मा कपाळावर ढकलून म्हणायच्या, "यंदा जवळ आलात हं!" घरी आल्यावर आत्या आठवडाभर त्या वाक्याची चिरफाड करायची. "जवळ आलात म्हणे! मी काय बस आहे? एकदा, फक्त एकदा हिच्याआधी भिंत शिवायचीय मला. मग खुशाल मरेन."

"मग तलावातच मर," आतोबा म्हणायचे. "आम्हाला उचलायला सोपं."

तलावावरच्या सरांनी तिच्या डोक्यात ते रेसिंग सुटाचं खूळ भरवलं. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत अंग आवळून धरतो, पाय पाण्यात वर राहतात, पाण्याला पकडायला काही सापडत नाही. तीन सेकंद तरी सहज वाचतात. आत्या डॉक्टरबाईंच्या दोनच सेकंद मागे असायची.

"ही लबाडी नाही ना, सर?"

"नियमात बसतं, बाई."

"ते बसेल हो. मी बसेन का?"

मापाच्या तक्त्यात तिने जो आकडा निवडला, तो बहुधा तिच्या लग्नाच्या वेळचा असावा. सूट आला तेव्हा आतोबांनी तो चिमटीत धरून उजेडाकडे नेला. "हा धुताना आटलाय, की बाहुलीसाठी मागवलास?"

"ताणतो तो."

"कापड ताणेल गं. तू ताणशील का?"

स्पर्धेच्या दिवशी मी टॉवेल धरायला बरोबर होते. आत्याने जुन्या सुटात दोन फेऱ्या मारल्या आणि कपडे बदलायला आली. दारावर पाटी होती: शॉवर घेतल्याशिवाय पाण्यात उतरू नये. आत्या नियमाची पक्की. तिने शॉवर घेतला आणि निथळत्या अंगाने नव्या सुटात पाय घातले. हा सूट कोरड्या अंगावर चढवायचा, असं खोक्यावर बारीक अक्षरात छापलं होतं. एकतीस वर्षं लोकांना खोक्यावरचं बारीक अक्षर वाचायला लावणाऱ्या बाईने स्वतःचं खोकं मात्र वाचलं नव्हतं.

सूट मांड्यांपर्यंत आला आणि थांबला.

ती खोली म्हणजे उभं कपाटच. वाकलं की डोकं दाराला लागायचं, सरळ झालं की पाठीत खुंटी रुतायची. त्यात आम्ही दोघी.

"वर ओढ."

"ओढतेय गं."

"मग खाली घे."

"खालीही जात नाहीये!"

बाहेर लाउडस्पीकर खरखरला. महिला, पंचावन्न ते एकोणसाठ वर्षं, शंभर मीटर फ्रीस्टाइल, स्पर्धकांनी दहा मिनिटांत हजर व्हावं. जुना सूट खुंटीवरून थेंब थेंब गळत आमच्याकडे बघत होता. तो घालायला आधी नव्यातून बाहेर पडायला हवं होतं. आत्याचे पाय पांढरे पडले होते आणि चेहरा लाल.

"कात्री आण," ती म्हणाली. सुतळीसाठीसुद्धा ती कधी कात्री मागत नाही.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. "आत कुणी अडकलंय का?"

तो गोड आवाज आम्ही दोघींनी ओळखला. आत्याने माझ्या तोंडावर हात दाबला आणि म्हणाली, "नाही हो!"

"अहो, दाराखालून पाय दिसतायत. चार आहेत."

कडी काढावी लागली. डॉक्टरबाई इलॅस्टिक सैल झालेल्या, विटक्या काळ्या सुटात उभ्या होत्या. त्यांनी एक नजर टाकली आणि जराही हसल्या नाहीत. आपल्या कोरड्या टॉवेलने आत्याला आधी खसाखसा पुसून काढलं. मी पुन्हा ओढायला गेले तर माझ्या हातावर चापट मारली.

"हिसका देऊ नकोस, फाटेल. दाढ काढतात तसं करायचं. आधी हलवायचं, थोडं सोडायचं, परत हलवायचं." मग आत्याला म्हणाल्या, "तुम्ही तोंडाने श्वास घ्या. दुखलं तर डावा हात वर करा."

आत्याने लगेच डावा हात वर केला. डॉक्टरबाईंनी, सगळे डॉक्टर करतात तसं, तिकडे दुर्लक्ष केलं.

बोट बोट करत सूट वर सरकला. शेवटचा पट्टा खांद्यावर बसला तेव्हा डॉक्टरबाईंची बोटं सुजली होती आणि एक नख मुळापासून तुटलं होतं. "छान. आता दोन तास काही खाऊ नका," त्या सवयीने म्हणाल्या आणि बाहेर पळाल्या.

आत्या पहिली आली. अर्ध्या सेकंदाने.

डॉक्टरबाईंनी चष्मा कपाळावर ढकलला. "यंदा मी जवळ आले हं!" आणि खळखळून हसल्या. आत्या हसली नाही. मला वाटलं, बरगड्या आवळल्यात म्हणून. घरी आतोबांनी आणि मी मिळून तिला सुटातून सोडवलं, तरी तिचा श्वास काही मोकळा झाला नाही.

तलावावरच्या विजेत्यांच्या फळ्यावर तिचं नाव आणि वेळ पांढऱ्या रंगात लिहिली गेली. एक मिनिट चोवीस. दुसऱ्या दिवशी जुन्या सुटात तिने वेळ मोजून पाहिली, तर एक मिनिट सत्तावीस. पुढचे दोन महिने रोज तेच. फळ्यावरची ती बाई रोज तीन सेकंदांनी पुढे.

"भिंत कुणी शिवली गं? मी, की कापडाने?" ती मला विचारायची. "आणि तिचं नख तुटलं होतं."

"मग घाल परत तो सूट," आतोबा म्हणाले.

"आणि चढवायला कुणाला बोलावू? तिलाच?"

सूट घालवत नव्हता, नाव पुसवत नव्हतं, तलाव सोडवत नव्हता. त्यात तिची उजवी दाढ ठणकायला लागली. गावात दाताचे डॉक्टर आणखी होते, पण आमच्या घराचं तोंड पहिल्यापासून डॉक्टरबाईंच्याच हातात. पंधरा दिवस आत्या एका बाजूने चावत राहिली. शेवटी आतोबांनी वेळ ठरवली आणि तिला जवळजवळ पार्सल करून दवाखान्यात पोचवलं. मी होतेच.

खुर्ची मागे गेली, तोंडात कापूस कोंबला गेला आणि डॉक्टरबाईंनी गप्पा सुरू केल्या.

"एक गंमत सांगू? मीही मागवला तसाच सूट. पुढच्या वर्षी तो तुम्ही मला चढवायचा. फिटंफाट!"

आत्याचे डोळे मोठे झाले. "अँ! अँ!"

"दुखतंय का?"

आत्याने डावा हात वर केला. या वेळी डॉक्टरबाई थांबल्या. आत्याने टेबलावरचं औषधं लिहायचं पॅड ओढलं आणि पार्सलवर पत्ता लिहितात तशा ठसठशीत अक्षरांत लिहिलं: "तुमचा आणि माझा, दोन्ही परत खोक्यात. रविवारी सहा वाजता. जुने सूट."

डॉक्टरबाईंनी ते दोनदा वाचलं. "आणि हरलात तर?"

ते तेव्हाच बघू, अशा थाटात आत्याने 'रविवारी' या शब्दाखाली रेघ ओढली.

रविवारी मी स्टॉपवॉच घेऊन भिंतीशी उभी होते. दोघी पाण्यात पडल्या. डॉक्टरबाई दोन सेकंदांनी पुढे आल्या, चष्मा वर ढकलला आणि धापा टाकत म्हणाल्या, "यंदा जवळ आलात हं!"

आत्या भिंतीला लटकून हसली. पोट धरून, नाकात पाणी जाईपर्यंत. दोन महिन्यांत तिने घेतलेला तो पहिला धड श्वास.

घरी पोचेपर्यंत मात्र ती पूर्ववत झाली. "वळताना तिने भिंत नीट शिवलीच नाही. तू बघत कुठे होतीस?"

फळ्यावरचं नाव पुसायला तिने पहारेकऱ्याला सांगून पाहिलं. नियम नाही म्हणाला. फळा डाव्या हाताला आहे, म्हणून आत्या हल्ली जाताना श्वास उजवीकडे घेते. परतीच्या फेरीत फळा उजवीकडे येतो, तेव्हा डावीकडे.