तिजोरीतलं पिस्तूल

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या नेमबाजी क्लबात मी वीस वर्षं पिस्तूल चालवलं. काडतुसंही घरीच भरायचो, दारू काळजीपूर्वक तोलून. हा फक्त खेळ आहे, असं बायकोला सांगायचो. मनात मात्र घराच्या रक्षणाचा भरवसा होता.

एका दुपारी मी घरी एकटाच असताना तळघरात काहीतरी पडलं. मी तिजोरीतून पिस्तूल काढलं, भरलं आणि जिन्यावर नेम धरून उभा राहिलो. खालचं दार उघडलं.

"पापा, मी आहे!" शाळेतून लवकर येऊन सायकल ठेवायला गेलेली माझी मुलगी जर्मनमध्ये किंचाळली.

पिस्तूल मी लगेच विकलं. तिची कितीदा तरी माफी मागितली. "जाऊ दे, पापा, झालं ते झालं," म्हणते. पण किल्ली जवळ असूनही ती आता बेल वाजवते आणि मी दार उघडेपर्यंत बाहेरच थांबते.