मेघदुर्गच्या वहीची मागची पानं

तुम्हाला सांगते, प्रॉम्प्टरच्या हातात जी नाटकाची वही असते ना, ती पुढून नाटकाची असते आणि मागून गावाची. माझ्या वहीतली पुढची नव्वद पानं गुरुजींच्या अक्षरातली. मागची चाळीस कोरी होती, आता त्यातलं जेमतेम एक उरलंय. तालमीत कुणी भन्नाट काही बोललं की मी मागे टिपून ठेवते. आणि तालमीत भन्नाट बोलण्यात आमच्या मंडळाचा हात कुणी धरणार नाही.

आधी नाटक सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचं गाव भिवंडीतून शेलारकडे जाताना लागतं. जत्रेला दर वर्षी एकच नाटक, ‘मेघदुर्गची गादी’. हे मेघदुर्ग नकाशात शोधू नका, शाळेतल्या गुरुजींनी ते डोक्यातून काढलंय. राजा मरतो आणि वारस नेमायचं राहून जातं. थोरले जयवंतराजे वयाने मोठे, पण धाकट्या राणीचे. कीर्तिराजे वयाने लहान, पण पट्टराणीचे. गादी कुणाची? तिसऱ्या अंकात खिंडीत लढाई होते, कीर्तिराजे पडतात, जयवंतराजे गादीवर बसतात. पडदा.

जयवंतराजे नेहमी वरच्या आळीचा आणि कीर्तिराजे खालच्या आळीचा. पहिल्या वर्षी तसं झालं म्हणून कायम तसंच. त्यामुळे चोवीस वर्षं वरच्या आळीचे हरीशेठ जिंकतात आणि खालच्या आळीचा काशीदादा मरतो. हरीशेठची गोडाऊनं भाड्याने दिलेली असतात. काशीदादा एसटी स्टँड ते कामतघर रिक्षा चालवतो. आणि दर वर्षी तालमीला चहा आला की कुणीतरी सुरू करतंच, “पण गुरुजी, समजा असं झालं असतं तर?” की झालं, तालीम संपली आणि राज्यकारभार सुरू.

*

सिंहासनाचं आधी ऐका. आमची जत्रा नेमकी लग्नसराईत. पहिल्या वर्षी मंडपवाल्याने टेम्पोतून काय उतरवलं माहितीये? नवरा-नवरीचा सोफा. लाल मखमल, सोनेरी पाय, पाठीला मोर.

गुरुजी भडकले. “राजा काय बोहल्यावर चढतोय?”

मंडपवाला म्हणाला, “सिंगल खुर्ची हळदीला गेलीय गुरुजी. पुढच्या वर्षी नक्की.”

ते पुढचं वर्ष अजून यायचंय. चोवीस वर्षं तोच सोफा. मग गुरुजींनीच तोड काढली. अर्ध्या सोफ्यावर राजा, उरलेल्या अर्ध्यावर लोड ठेवायचा आणि लोडावर ढाल. तरी एका वर्षी राज्याभिषेकाच्या वेळी मागच्या रांगेतून अक्षता आल्या आणि कुणीतरी विचारलं, “नवरी कधी येनार?” हरीशेठ दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

*

आमचे सेनापती म्हणजे अन्सारीभाई, कामतघरच्या एका कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, मास्टर. मराठी संवाद त्यांनी नुसते ऐकून पाठ केलेत आणि खरं सांगते, आमच्यातल्या कितीतरी जणांपेक्षा स्वच्छ बोलतात. एकदा तालमीत गादीवरून वाद रंगला. वय मोठं की आईचा मान मोठा? वरची आळी एकीकडे, खालची एकीकडे. अन्सारीभाईंनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, “इसमें झगडा क्या है? शिफ्ट लगाओ. बारा घंटे थोरले, बारा घंटे धाकटे. एक लूम दो आदमी चलाते हैं, तो राज क्यों नहीं चलेगा?”

कुणाला चूकच काढता येईना. शेवटी गुरुजींनी विचारलं, “आणि सुट्टी?”

“लाइट जाएगी उस दिन, दोनों को.”

हे मी मागून पान एकवर लिहिलंय, तारखेसकट.

*

हरीशेठचा इतिहास वेगळाच. त्यांचा सगळा जन्म जमिनीच्या कागदांत गेलेला. ते म्हणाले, “राजा जिवंत असतानाच धाकट्याकडून हक्कसोड करून घ्यायला पाहिजे होता. दोन साक्षीदार, एक सही. लढाई कशाला लागते?”

“मग तुझं नाटक पहिल्याच अंकात संपेल,” गुरुजी म्हणाले.

“संपू दे की. लोकं वेळेवर घरी जातील.”

मला राहवलं नाही. दिवसभर गोडाऊनच्या डिस्पॅचला ड्रायव्हरांशी भांडणारी बाई मी, तालमीत तरी गप्प कशाला बसू? म्हटलं, “शेठ, पहिल्या अंकात राजाला एक मुलगी पण आहे. तारामती. सगळ्यांत मोठी तीच. ती गादीवर बसली असती तर?”

हरीशेठनी वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एकदम गंभीरपणे म्हणाले, “तिची सही आधीच घेतलेली असनार.”

पुरुष खो खो हसले. भाकऱ्या घेऊन आलेल्या बायका मात्र हसल्या नाहीत. त्यांतल्या तिघींच्या सह्या माहेरच्या जमिनीच्या हक्कसोडावर खरोखरच घेतलेल्या होत्या. मला एवढा राग आला, की पुढच्या प्रवेशात हरीशेठ वाक्य विसरले तेव्हा मी मुद्दाम पान उलटायला वेळ लावला. चांगलं अर्धं मिनिट आभाळाकडे बघत राहिले महाराज.

*

आता काशीदादाच्या मरणाबद्दल. अहो, काय मरतो तो माणूस! आधी गुडघा, मग कंबर, मग हात, आणि सगळ्यांत शेवटी मुकुट घरंगळतो. एका वर्षी टाळ्या थांबेनात म्हणून पुन्हा उठला, प्रेक्षकांना नमस्कार केला आणि पुन्हा मेला. जयवंतराजे बिचारे तलवार घेऊन उभेच. काशीदादाची रिक्षा पकडली की अजून लोक म्हणतात, “दादा, औंदा पन नीट मरा हां.”

पण त्याच्या आईने, सोनूआयने, हे मरण एकदाही बघितलेलं नाही. दर वर्षी पहिल्या रांगेत बसते, दोन अंक बघते. तिसऱ्याची घंटा झाली की उठते, पदर सावरते आणि घरी जाऊन भात लावते. काशीदादा तोंडाला रंग तसाच घेऊन घरी गेला की त्याच्या पोटावरून हात फिरवते आणि विचारते, “लागला का रं?”

दर वर्षी. चोवीस वर्षं. काशीदादाने हे मला एकदा रिक्षात सांगितलं. तो हसत हसत सांगत होता, पण माझे डोळे भरून आले. मी बाहेर बघत बसले.

*

यंदा सोनूआयचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांचं. डॉक्टर म्हणाले, आता लांबचंही स्वच्छ दिसेल. घरी आल्यावर काशीदादा म्हणाला, “आय, औंदा नाटक मस्त दिसंल तुला.”

तर म्हातारी म्हणाली, “म्हनूनच येनार न्हाय. आतापर्यंत अंदुक दिसायचा, तरी दोन अंकांतच जीव वर यायचा. ऐंशी वर्सांची झालो मी. माजा पोर एकदा तरी गादीवर बसलेला दाखव, मंग येतो.”

काशीदादा तालमीला आला तो थेट गुरुजींसमोर उभा राहिला. कधी काही न मागणारा माणूस. म्हणाला, “गुरुजी, यंदा एकदाच कीर्तिराजे जिंकू दे. आयला बघू दे.”

गुरुजींनी चष्मा काढला. “काशिनाथ, इतिहास बदलत नसतो.”

मी म्हटलं, “गुरुजी, तुमचाच इतिहास, तुमच्याच वहीतला.”

“म्हणून तर,” गुरुजी म्हणाले.

वरच्या आळीतली दोघं-तिघं कुजबुजायला लागली, की आमचा राजा पडला तर आम्ही मंडपाला हात लावणार नाही. आता सगळं हरीशेठवर. मी मनात म्हटलं, संपलं, हा माणूस हक्कसोड मागणार. हरीशेठनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “म्हातारीने मला लहानपनी भाकऱ्या घातल्यात. मी मरतो.”

मी खुर्चीतून उठलेच. खालची आळी नाचायला लागली, अन्सारीभाईंनी ढोलकी ओढली आणि वरच्या आळीला काय करावं कळेना, म्हणून त्यांनीपण टाळ्या वाजवल्या. सगळं शांत झाल्यावर गुरुजी मला एवढंच म्हणाले, “मागच्या पानावर लिही. पेन्सिलीने. जत्रा झाली की खोडून टाकायचं.”

*

पण मरणं काय सोपं आहे होय? हरीशेठना येईचना. पहिल्या दिवशी ते तलवार लागल्यावर आधी धोतर सावरून, मग जागा बघून हळूच बसले आणि मग आडवे झाले.

काशीदादा म्हणाला, “शेठ, जेवायला बसताय की मरताय?”

मग रोज तालमीनंतर दोघांचा क्लास. काशीदादा पडून दाखवणार, हरीशेठ पडणार. “आधी गुडघा. आता कंबर. डोळे मिटू नका, हळूहळू मिटा. मुकुट शेवटी, शेठ, मुकुट शेवटी!” चौथ्या दिवशी हरीशेठ जमिनीवर पडल्या पडल्याच म्हणाले, “चोवीस वर्सं हे करतोस तू? मला वाटायचं, राज्य मी सांभाळतोय.”

काशीदादाने हात देऊन उठवलं आणि कपडे झटकून दिले. त्या दिवसापासून हरीशेठ स्टँडवर गाडी थांबवून त्याच्याबरोबर चहा प्यायला लागले.

*

आणि मग जत्रा. स्पीकरची परवानगी लवकर संपते म्हणून नाटक सातला सुरू. पहिल्या रांगेत सोनूआय, काळा चष्मा लावून. शेजारी गुरुजी. दोन अंक झाले. तिसऱ्याची घंटा वाजली, सगळ्या गावाने मान वळवून बघितलं. म्हातारी जागची हलली नाही. मी विंगेत वही धरून उभी. बाई, चोवीस वर्षांत मला वाक्यं वाचायला कधी भीती वाटली नव्हती.

खिंड आली. तलवारी भिडल्या. अन्सारीभाई “महाराज, सांभाळा!” असं ओरडले, अगदी जीव तोडून. जयवंतराजेंची तलवार उडाली आणि हरीशेठ गुडघ्यावर आले, शिकवल्याप्रमाणे, आधी गुडघा. काशीदादाने तलवार उगारली. काय दिसत होता! चोवीस वर्षांची सगळी मरणं त्या हातात आलेली. खालच्या आळीने शिट्ट्या सुरू केल्या.

आणि सोनूआय उभी राहिली. काळा चष्मा काढला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “काशा! हात खाली घे. तो पन कोनाचा तरी पोर हाय.”

काशीदादाचा हात वरच. हरीशेठ गुडघ्यावरच. दोघांनी एकदम विंगेत माझ्याकडे बघितलं. मी वहीत बघितलं. पुढे काही नव्हतं, मागे काही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे द्यायला वाक्य नव्हतं.

काशीदादाने तलवार खाली ठेवली. हात पुढे केला. रोज तालमीत द्यायचा तसाच. हरीशेठ तो धरून उठले. पण आता? गादी तर मागे आहे, राज्य रिकामं आहे आणि दोन राजे एकमेकांचा हात धरून उभे. काशीदादा हळूच म्हणाला, “शेठ, तुम्ही बसा.” हरीशेठ म्हणाले, “नको, आज तू बस.” “नको, तुम्ही.” “अरे बस ना.” माइक चालू होता, सगळं गाव ऐकत होतं.

सोनूआयचा पारा चढला. कमरेवर हात ठेवून ती स्टेजकडे बघत म्हणाली, “आज पहिल्यांदा नीट दिसतंय मना. अरं, सोफा दोगांचा हाय! तो लोड काढा तिथून, नं बसा दोगं पन. चोवीस वर्सं कोनाला दिसला न्हाय?”

अन्सारीभाईंनी पुढे होऊन लोड उचलला, ढाल उचलली. दोन्ही राजे बसले, खांद्याला खांदा लावून. अंगावर अक्षता आल्या, या वेळी दोन्ही आळ्यांकडून. मी पडदा पाडायची खूण करायची विसरूनच गेले.

तेवढ्यात गुरुजी पहिल्या रांगेतून उठले. पायऱ्या चढून हळूहळू विंगेत आले. माझ्या हातातली वही घेतली, मागचं पेन्सिलीने लिहिलेलं पान काढून बघितलं, मग वही उलटी केली, पुढून तिसऱ्या अंकाचं शेवटचं पान उघडलं आणि माझ्यासमोर हात पसरला.

मी खोडरबर दिलं.

“ते नको,” गुरुजी म्हणाले. “पेन आहे का?”