नसेला सवय होत नाही

“मायग्रेन आहे,” भोरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मायग्रेन म्हणजे आपली अर्धशिशी. मला रडूच आलं, तेही आनंदानं. विंझरहून लग्न होऊन हिर्डोशीला आल्यापासून माझ्या दुखण्याला घरात एकच नाव होतं, सोंग.

आमच्या शेळ्या आहेत. म्होरक्या शेळीच्या गळ्यातली घंटा वाजली की माझ्या अर्ध्या डोक्यात घण पडायचे. आमचे हे म्हणायचे, “सवय हुईल.” एसटी चुकण्यापासून सासूबाईंच्या बोलण्यापर्यंत यांच्याकडे हेच एक औषध.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. पुण्यात मायग्रेनवाल्यांच्या नसांचा अभ्यास चालला होता, तिकडे जाता का म्हणून विचारलं. तपासणीचं नाव ब्लिंक रिफ्लेक्स. भुवईजवळच्या नसेला बारीकसा विजेचा झटका देतात. पापणी आपोआप मिटते, आणि किती जोरात मिटली ते यंत्र मोजतं.

सासूबाईंना एवढंच कळलं की परीक्षा आहे. निघताना त्यांनी माझ्या कपाळावर सुंठेचा जाड लेप थापला आणि बजावलं, “डोळा मिटायचा न्हाई. घराचं नाक कापू नगंस.”

पुण्यात लेपावर यंत्राच्या तारा चिकटेनात. तिथल्या बाईंनी माझं कपाळ भांडं घासावं तसं घासलं. मग मी दातओठ खाऊन बसले. पण झटका आला की पापणी मिटायचीच, शेवटीही पहिल्याइतकीच. नापास झाले म्हणून तोंड पाडून उठले.

तुलनेसाठी त्यांना डोकं न दुखणारी माणसंही हवी होती. बरोबर आलेले हे हौसेनं बसले. पहिल्याच झटक्याला “आयायाया!” करून उडाले, मग पुढच्या झटक्यांना पापणी हळूहळू थंडावली.

डॉक्टर म्हणाले, “एकेकावरून आम्ही निदान करत नाही. पण फरक बघा. यांच्या नसेला सवय होते, बाईंच्या नसेला होत नाही.”

“म्हंजी हिचं सोंग न्हाई?”

“पापणीला सोंग घेता येत नाही हो.”

घरी आल्यावर यांनी आधी शेळीची घंटा सोडून खुंटीला टांगली.

डोकं अजून दुखतं, पण गोळीनं आवरतं. तुमचंही ठणकत असेल तर अंगावर काढू नका, डॉक्टरकडे जा. आणि ‘सवय होईल’ म्हणणाऱ्याला बरोबर न्या.

घंटा काढली त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती बिनघंटेची शेळी शेजाऱ्याच्या नाचणीत शिरली. शेजारी दारात येऊन ओरडला, “घंटा कशापायी काढली?”

हे सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, “आमच्या हिचं डोकं दुखतं.”

यांच्या त्या ओरडण्यानं मात्र माझं डोकं अजिबात दुखलं नाही.